पाण्याची वाट अडवू नका

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की आमच्या शहरांतून एक ठरावीक कार्यक्रम सुरू होतो. तिन्हीसांजेच्या सुमारास खांद्यावर यंत्र घेतलेला एखादा कर्मचारी गल्लीबोळांतून धूर सोडीत जातो, पोरे त्याच्यामागे धावत सुटतात, गृहिणी लगबगीने खिडक्या लावून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘डासांपासून सावध राहा’ अशी निवेदने वर्तमानपत्रांतून झळकतात. पंधरा दिवस लोटले की दवाखान्यांच्या ओसऱ्यांवर तापाने फणफणलेल्या माणसांची गर्दी होते. मग आणखी धूर, आणखी निवेदने. धूर हवेत उडणाऱ्या डासाला मारतो, पण पाण्यात वळवळणाऱ्या अळीला त्याची झळही पोहोचत नाही. आज शंभर डास मेले, तरी आठवड्याभरात तितकेच पुन्हा पंख पसरून बाहेर पडतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे. तो वर्षानुवर्षे चालू असताना त्याबद्दल कोणालाही संकोच वाटू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

शहराचे आरोग्य म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे इस्पितळ उभे राहते. नवी इमारत, नव्या खाटा, नवी यंत्रे यांच्या मागण्या होतात आणि त्या रास्तही असतात. परंतु इस्पितळ ही रोगाच्या प्रवासातली अखेरची पायरी आहे. त्या प्रवासाचा आरंभ गटाराचा उतार चुकतो तेथे होतो, पाणथळ जागेवर भराव पडतो तेथे होतो, नळाचे पाणी दिवसातून दोन तास येते म्हणून गच्चीवर टाकी चढते तेथे होतो. म्हणून आम्ही असे म्हणतो की शहरातील माणसे आजारी पडणार की धडधाकट राहणार, याचा निर्णय डॉक्टरांच्या हाती येण्यापूर्वीच नगररचनेच्या नकाशावर आणि बांधकामाच्या परवान्यावर झालेला असतो. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटत असेल, तर त्याने फार दूर न जाता पणजीपासून दोन-अडीच कोसांवरील जुन्या गोव्यात एक फेरफटका मारावा.

मांडवीच्या काठची ही नगरी एके काळी पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी होती. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे दोन लाखांच्या आसपास वस्ती असावी, असा अंदाज केला जातो. मोठमोठी मंदिरे असावीत तशी तिची चर्चे, वाडे, बाजारपेठा आणि गोद्या होत्या. या वैभवशाली नगरीत १५४३ साली पटकीची भयंकर साथ आली. गोव्यात वास्तव्य करणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली येथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन करून ठेवले आहे. आमच्याकडील ‘मोडशी’ हा शब्द उचलूनच पोर्तुगिजांनी या रोगाला नाव दिले होते. साथी पुढेही पुन्हा पुन्हा येत राहिल्या, त्यांच्या जोडीला हिवताप आला, आणि शत्रूच्या तोफांनी जे साधले नाही ते रोगांनी साधले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीतील आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलविला. १७७५ च्या सुमारास जुन्या नगरीत जेमतेम दीड हजारांवर माणसे उरली होती.

ही नगरी का मेली, याचे उत्तर तिच्या पायाखाली होते. आमचा जांभा दगड सच्छिद्र असतो. घराच्या परसात शौचकूप आणि त्याच्यापासून चार पावलांवर पिण्याच्या पाण्याची विहीर अशी मांडणी झाली की एकातील मैला दुसऱ्यात झिरपणार हे ठरलेलेच. दाट वस्तीच्या त्या शहराने चर्चच्या घुमटांवर जितका पैसा ओतला, त्याचा शतांशही सांडपाण्याच्या निचऱ्यावर ओतला नाही. १७७७ साली ती नगरी पुन्हा उभी करण्याचा घाट घालण्यात आला होता. पण कामावरचे मजूरच इतके मरू लागले की तो बेत सोडून द्यावा लागला. राजाज्ञा होती, तिजोरी होती, आराखडा होता. परंतु जमिनीत मुरलेले विष राजाज्ञेने निघत नाही. १८४३ साली पणजीला ‘नवे गोवे’ या नावाने शहराचा दर्जा मिळाला, तो या पार्श्वभूमीवर. म्हणजे ज्या शहरात आज आम्ही राहतो, ते शहर आपल्या थोरल्या बहिणीच्या मरणातून जन्माला आलेले आहे. निदान पणजीकरांनी तरी हे विसरता कामा नये.

पणजी वसली ती जागाही काही कोरडी ठणठणीत नव्हती. एका बाजूस मांडवी, मध्ये आल्तिन्होची टेकडी आणि पायथ्याशी वाळूचे उंचवटे, माडांची भाटे, दलदल व खाजने असा तो सखल टापू होता. १८२६ नंतर दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो याच्या कारकिर्दीत उंचवटे सपाट करून आणि खळगे बुजवून शहराची आखणी झाली. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६३३-३४ मध्ये, पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा लिन्यारिशचा पूल खाजने व मिठागरे यांच्यातून बांधला गेला. त्या पुलाखाली बांधणाऱ्यांनी कमानी सोडल्या. भरतीचे पाणी आत यावे आणि ओहोटीला परत जावे, एवढे भान त्यांना होते. तो पूल आज चारशे वर्षांच्या घरात पोचूनही वाहतुकीखाली आहे.

हे भान त्यांना आमच्याच गावकऱ्यांपासून मिळाले असल्यास नवल नाही. खाजन शेती ही गोमंतकाच्या गावकरीची शतकानुशतकांची विद्या. खाडीच्या कडेने बांध घालावयाचा आणि त्यात लाकडी दारांची मानस बसवावयाची. भरतीचा लोंढा आला की त्याच्याच दाबाने मानशीची दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात घुसत नाही. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी ती दारे लोटून बाहेर पडते. पाणी साचून कुजावयास सवडच मिळत नाही आणि त्यात वाढणारी मासळी डासांच्या अळ्या खाऊन टाकते. या व्यवस्थेला ना वीज लागे, ना धूर सोडणारे यंत्र. तिला लागे ते फक्त वर्षातून वेळच्या वेळी केलेली बांधाची डागडुजी आणि ती करणाऱ्या माणसांची एकजूट. शेती ओस पडली, एकजूट मोडली, आणि ज्या जमिनी पावसाळ्यात स्पंजाप्रमाणे पाणी पिऊन घेत होत्या, त्यांना आम्ही ‘पडीक’ असे नाव देऊन त्यांवर भराव घातला. पाटोची वसाहत अशाच पाणथळ भूमीवर उभी आहे. आज मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की अठरा जून मार्गावर आणि मळ्यात गुडघाभर पाणी उभे राहते, आणि आम्ही निसर्गाला दोष देतो! त्या पाण्याने जावे कोठे, हा साधा प्रश्न मात्र भराव घालताना कोणी विचारला नव्हता.

सांतिनेजच्या नाल्याची कहाणी याहून करुण आहे. ताळगावच्या बाजूने वाहत येऊन कांपालजवळ मांडवीला मिळणारा हा प्रवाह शहराच्या पश्चिम भागाचा नैसर्गिक निचरा. त्याच्या काठच्या वस्तीने आणि इमारतींनी त्यात सांडपाणी सोडले, कचरा टाकला, दोहों बाजूंनी त्याचे पात्र आवळत नेले. त्याला जिवंत करण्याच्या योजना झाल्या, त्याचे प्रकरण न्यायासनापुढे गेले, काठ बांधून सुशोभित करण्याच्या घोषणा झाल्या. सुशोभनास आमचा विरोध नाही. परंतु काठावर दिवे आणि बाके मांडून नाला वाहू लागत नाही. ज्या घरांची आणि खानावळींची सांडपाण्याची नळी अजून मलनिस्सारण वाहिनीला जोडलेली नाही, तिचे तोंड नाल्याकडे आहे तोवर बाकावर बसणाऱ्याने नाकाला रुमाल लावूनच बसले पाहिजे.

आता डासांकडे वळू. हिवताप गोव्यातून जवळजवळ हद्दपार झाला अशी समजूत दृढ होत असतानाच १९८६ साली पणजीत त्याचा उद्रेक झाला आणि पुढील दशकात तो कांदोळीसारख्या किनाऱ्यावरील गावांत पसरला. त्या वर्षांत गोव्यात इमारतींचे पीक उदंड आले होते. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा दोषी ठरला ॲनोफिलीस स्टीफेन्सी नावाचा डास. हा डास घाणेरड्या गटारात राहत नाही. त्याला हवे असते स्वच्छ, निवांत पाणी. काँक्रीट पक्के व्हावे म्हणून स्लॅबवर मातीचे बांध घालून साठविलेले पाणी, लिफ्टसाठी खणलेला खड्डा, बांधकामावरची उघडी टाकी, आणि बिऱ्हाडकरू निघून गेल्यावर तशीच पडून राहिलेली गच्चीवरची टाकी, ही त्याची माहेरघरे. म्हणजे हा रोग अरण्यातून आला नव्हता. तो आमच्या प्रगतीच्या पायाभरणीतच अंडी घालून बसला होता.

त्या काळी, आणि आजही, पुष्कळांच्या तोंडी एक उत्तर तयार असे: हा रोग परप्रांतीय मजुरांनी आणला. यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. हिवतापाचे जंतू रक्तात घेऊन एखादा मजूर दूरच्या जिल्ह्यातून येतो हे खरे. पण एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाण्यासाठी त्या जंतूला डास लागतो, आणि तो डास मजूर आपल्या वळकटीत बांधून आणीत नाही. तो आमच्या टाकीत, आमच्या मालकीच्या अर्धवट इमारतीत, आमच्याच दुर्लक्षावर पोसला जातो. सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड देण्याची पद्धत गोव्याने सुरू केली. रक्ततपासणी व्हावी, वेळीच औषध मिळावे, हे योग्यच आहे. परंतु मजुराच्या खिशात कार्ड आहे की नाही हे पाहणाऱ्यांनी इमारतीच्या टाकीला झाकण आहे की नाही, हे तितक्याच कसोशीने पाहिले काय? ज्या पत्र्याच्या खोपटात तो राहतो तेथे ना मच्छरदाणी, ना नीट शौचकूप. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तापतो तोच. १७७७ सालीही जुन्या गोव्यात मजूरच मेले होते. त्यांनी रोग आणला असे त्या वेळी कोणी म्हटले असेल, तर तेही तितकेच अन्यायाचे होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही रीत आपण टाकून दिली पाहिजे.

येथे एक गोष्ट आनंदाने नमूद केली पाहिजे. हिवतापाविरुद्धचा लढा गोव्याने बऱ्याच अंशी जिंकला आहे. एके काळी वर्षाला हजारोंच्या घरात जाणारे रुग्ण आता अत्यंत थोडे उरले आहेत. हे यश धुराने मिळालेले नाही. राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेच्या येथील केंद्रातील शास्त्रज्ञांनी विहिरींत आणि टाक्यांत अळ्या खाणारे छोटे स्थानिक मासे सोडले, अळ्यांना मारणाऱ्या परंतु माणसास निरुपद्रवी असलेल्या जीवाणूंचा वापर केला, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी उन्हापावसात घरोघर व बांधकामावर जाऊन पाणी तपासले, रक्त तपासले. पाण्याकडे लक्ष दिले तेव्हा रोग हटला. हा धडा आमच्याच भूमीत आम्हीच लिहिला, आणि डेंग्यूच्या वेळी तो विसरलो.

डेंग्यूचा एडिस डास तर घरकोंबडाच. फुलदाणी, कुंडीखालची ताटली, शीतकपाटाच्या मागचा थाळा, अंगणात पडलेली नारळाची करवंटी, टाकून दिलेला टायर, ताडपत्रीच्या सुरकुतीत साचलेले ओंजळभर पाणी त्याला पुरे. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात आणि पहिल्या सरीबरोबर जिवंत होतात. तो दिवसाढवळ्या चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी त्याला रोखण्यास अपुरी पडते. पण घरोघरी हे साठविलेले पाणी येते कोठून, हाही प्रश्न विचारला पाहिजे. खांडेपार नदीवरील ओपा येथून येणारे पाणी नळाला अखंड मिळत असते, तर प्रत्येक घराला पिंपे, हंडे, तळटाकी आणि गच्चीवरची टाकी असा चौपदरी संसार मांडावा लागला नसता. पाणीपुरवठा खंडित झाला की साठवण वाढते, साठवण वाढली की डास वाढतो. डासाविरुद्धची मोहीम आरोग्य खात्याची, आणि नळाच्या वेळा ठरविणारे खाते दुसरेच! एका खात्याने पेरावे आणि दुसऱ्याने निस्तरावे, असा हा कारभार आहे.

खंडित पुरवठ्याचा दुसरा दुष्परिणाम याहून अदृश्य असतो. नळ बंद असतो तेव्हा वाहिनीतील दाब नाहीसा होतो. त्या वाहिनीला तडा असेल आणि तिच्या शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल, तर रिकामी नळी आजूबाजूची घाण आत ओढून घेते, आणि सकाळी नळ सुटला की पहिल्या घागरीबरोबर कावीळ घरात येते. पाण्याची वाट उलटली की काय होते, हे १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीने पाहिले. यमुनेचे पात्र सरकले, नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत मागे आले, आणि सुमारे २९ हजार माणसांना काविळीने गाठले. राजधानीत डॉक्टरांची वाण नव्हती. नाल्याचे तोंड आणि पिण्याच्या पाण्याचे तोंड यांच्यात अंतर राखणारा अभियंता त्या क्षणी कमी पडला होता.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अजून विहीर आहे. तिच्या पाण्यावाचून देवपूजा होत नाही, चतुर्थीला तिच्या काठी दिवा लागतो. म्हणून मुंबईतील एक जुनी गोष्ट येथे सांगणे उपयुक्त ठरेल. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा जो अहवाल दिला, त्यात दोष घराघरांतील विहिरींवर आला, कारण त्यांत हाच स्टीफेन्सी डास पैदा होत होता. विहिरी बुजविण्याचे फर्मान निघताच हिंदू आणि पारशी दोघांनीही धर्मकृत्यांना विहिरीचे पाणी लागते म्हणून हरकत घेतली. तेव्हा काही विहिरींना घट्ट आच्छादन आणि जाळी बसवून मार्ग काढण्यात आला. धर्मही राहिला आणि डासही कोंडला गेला. श्रद्धा आणि आरोग्य यांच्यात भांडण लावण्याची गरज नसते, थोडी जाळी पुरते. आमच्या घरच्या विहिरीला ती आहे काय? तुळशीवृंदावनाभोवती आम्ही रोज रांगोळी घालतो, पण त्याच अंगणाच्या कोपऱ्यात पालथी न घातलेली बादली किती दिवसांची आहे, हे पाहतो काय? सरकारला जाब विचारण्याचा अधिकार आम्हां सर्वांना आहे, परंतु तो प्रश्न विचारण्यापूर्वी आठवड्यातून एक दिवस आपल्या घरची भांडी कोरडी करण्याचे काम कोणतेही सरकार आमच्यासाठी करू शकत नाही.

पाण्याच्या वाटा बुजविल्यास त्याची किंमत किती मोजावी लागते, हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी दाखवून दिले. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आवळलेली मिठी नदी आणि तुंबलेले नाले ते पाणी वाहून नेऊ शकले नाहीत. पूर ओसरला तरी संकट संपले नव्हते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून अनवाणी चाललेल्या माणसांना पुढील आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने ग्रासले आणि जी माणसे पुरातून वाचली होती, त्यांतील कित्येक तापाने दगावली. पणजी ही मुंबई नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या किनाऱ्यावर चूक करण्यास मुंबईपेक्षा अधिक मोकळीक आहे, असे कोणी समजू नये.

अलीकडच्या वर्षांत ‘स्मार्ट सिटी’च्या नावाने पणजीची जी चाळण झाली, तिचा उल्लेख टाळता येत नाही. मलवाहिन्या बदलणे आणि गटारे नव्याने बांधणे ही कामे मूलतः आवश्यकच होती. याच लेखात आम्ही त्यांचा पुरस्कार करीत आहो. पण सगळे रस्ते एकाच वेळी उकरून ठेवण्यात कोणते शहाणपण होते? उन्हाळ्यात त्या खड्ड्यांची धूळ मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत गेली, पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पाणी साचले. अखेर २०२४ मध्ये धुळीच्या त्रासाचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायमूर्तींना स्वतः रस्त्यावर उतरून कामे पाहावी लागली. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी शिंपडा, हे सांगण्यास उच्च न्यायालय लागावे, यापरते प्रशासनाचे अपयश ते कोणते? आरोग्यासाठी हाती घेतलेले कामच रोगाचे कारण ठरावे, इतका आमचा कारभार एकमेकांपासून तुटलेला आहे.

या दुखण्याचे मूळ, आमच्या मते, या तुटलेपणात आहे. पाणी एका खात्याचे, मलनिस्सारण दुसऱ्याचे, नाला तिसऱ्याचा, इमारतीचा परवाना चौथ्याचा आणि ताप मात्र आरोग्य खात्याचा. बांधकामाच्या प्रारंभी आणि शेवटी आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला लागतो, हे खरे. परंतु डास अंडी घालतो ती या दोन दाखल्यांच्या मधल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. काम चालू असलेल्या प्रत्येक इमारतीची पावसाळ्यात दर आठवड्याला पाणी-तपासणी व्हावी आणि अळ्या सापडल्यास दंड मजुराला नव्हे, बांधकामाच्या मालकाला व्हावा. शहरातील सर्व नाले, मानशी, खाजने आणि वाहिन्या दाखविणारा नकाशा नगरपालिकेच्या दारात लावला जावा, म्हणजे कोणत्या भरावाने कोणती वाट बंद होणार आहे, हे सामान्य नागरिकाला परवान्याआधी कळेल. सखल भागातील एकही भराव आरोग्याधिकाऱ्याच्या लेखी अभिप्रायावाचून मंजूर होऊ नये. आणि रस्ता खणण्यापूर्वी तो बुजविण्याची तारीख जाहीर व्हावी.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी सुरतेकडे पाहावे. १९९४ साली प्लेगच्या भीतीने त्या शहरातून लाखो माणसे पळाली. पुढल्याच वर्षी आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी कोणताही चमत्कार केला नाही. अधिकाऱ्यांनी कचेरीत बसण्याआधी रोज रस्त्यावर, गटारावर, वस्तीत जावे, एवढा दंडक त्यांनी घातला आणि तो स्वतः पाळला. दोन वर्षांत देशातील अत्यंत गलिच्छ म्हणून बदनाम झालेले शहर स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. सुरतेला जाग येण्यासाठी प्लेग यावा लागला. आम्हांस जाग येण्यासाठी काय यावे लागणार आहे?

जुन्या गोव्याची चर्चे आजही उभी आहेत. देशोदेशींचे प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात, आणि त्यांच्या भोवती जे शहर होते ते कोठे गेले, हे विचारण्यास कोणी थांबत नाही. दगड टिकले, माणसे गेली. पणजीच्या, म्हापशाच्या, मडगावच्या आणि फोंड्याच्या वाट्याला उद्या हे येऊ नये अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी या आगोटीला धुराच्या यंत्राची वाट न पाहता आपल्या वाड्यातील पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे एकदा चालत जाऊन पाहावे. ते जेथे अडलेले दिसेल, तेथील पंच, नगरसेवक आणि अभियंता यांना तेथेच उभे करून जाब विचारावा. तो जाब विचारताना हे वर्तमानपत्र वाचकांच्या बरोबर असेल.